मोर्चाची परवानगी : कुणाकडे, कशी आणि कशासाठी?



मोहोर गळला, कॅनिंगचा भाव पडला किंवा विम्याची रक्कम अडकली, की गावच्या बैठकीत कोणीतरी हटकून म्हणतोच, "चला, कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊ." तारीख ठरते, टेम्पो सांगितले जातात. परवानगीचा विषय निघतो तो आदल्या दिवशी संध्याकाळी. मग एक म्हणतो, "हक्क आपला, मग परवानगी कसली?" दुसरा म्हणतो, "सरपंचांचं पत्र आहे ना, झालं तर!" दोन्ही समजुती अर्धवट आहेत. किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते.

ही किंमत कोण मोजतो? भाषण करून पुढारी निघून जातो. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा राहतो तो आपल्या पोराच्या नावावर. आपल्या किनाऱ्यावरची पोरं बोटीवर जातात, आखातात जातात, पोलीस आणि सैन्य भरतीला उभी राहतात. पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो जुना गुन्हा पुढे येतो. म्हणून हा विषय नुसत्या कागदाचा नाही.

आधी हक्काचे पाहू. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतात, हेही त्याच कलमात आहे. अहमदाबादेत रस्त्यावर सभा घेण्यास पोलिसांनी नकार दिला, तेव्हा हिंमतलाल शहा यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ साली निकाल लागला. सभा कुठे, किती वाजता, कशी घ्यायची याचे नियम सरकार करू शकते. पण कारण न देता मनाला येईल तसा नकार देण्याचा अधिकार कोणा अधिकाऱ्याला देता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि तो नियम रद्द केला. हा नियम १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला होता. तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने आपल्याला लागू आहे. म्हणजे परवानगी ही मेहेरबानी नव्हे. हक्क कोणत्या वेळी, कोणत्या जागी वापरायचा, याची ती व्यवस्था आहे.

आता खरी गोम. परवानग्या एक नाही, दोन लागतात. एक जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची, आणि दुसरी पोलिसांची. भाट्ये, कसोप, फणसोपची मंडळी खाडीचा पूल ओलांडून रत्नागिरीत मोर्चा नेणार असतील, तर शहरातल्या मैदानासाठी नगर परिषदेकडे अर्ज करावा लागेल. मोर्चाचा मार्ग, जमाव आणि ध्वनिक्षेपक यासाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज लागेल. मैदानाचे भाडे भरल्याची पावती ही पोलिसांची परवानगी नव्हे. ग्रामसभेचा ठरावही नव्हे. ठरावाने मागणीला वजन येते, शहरातला रस्ता मिळत नाही. एका गावच्या मंडळींनी मैदानाची पावती खिशात घालून टेम्पो भरले आणि वाटेतच अडकले, हे मी स्वतः पाहिले आहे.

तिसरी गोष्ट जमावबंदीची. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली असा आदेश निघतो. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या ओळखीचे १४४ कलम. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि ते आता १६३ झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा जमावबंदी आणि धरपकड आपल्या जिल्ह्याने पाहिली. त्याआधी १९९७ साली गुहागर तालुक्यात एन्रॉनच्या वेळीही तेच झाले. प्रकल्प हवा की नको, हा वाद इथे नाही. पण आदेश लागू आहे की नाही हे तारीख ठरवण्यापूर्वी विचारा आणि त्याची प्रत मागा. असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि लोकांचे रास्त म्हणणे दाबण्यासाठी ते वापरू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितले आहे.

दुसरी बाजूही समजून घ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दिल्लीतील शाहीनबागच्या प्रकरणात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. मुंबईत ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आंदोलनाला आझाद मैदानावर सुरुवातीला एका दिवसाची आणि ५,००० माणसांची परवानगी होती. गर्दी त्यापलीकडे रस्त्यांवर पसरली आणि उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करण्यास सांगावे लागले. याउलट मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा नाशिक-मुंबई मोर्चा आठवा. मुंबईत दहावीच्या परीक्षा होत्या. पोरांचा पेपर चुकू नये म्हणून दमलेली माणसं रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली. शहराने त्यांना पाणी दिले, खाऊ दिला. आपला भाट्ये पूल अडवला तर पावस, पूर्णगडकडची एसटी अडते आणि दवाखान्यात निघालेला आजारीही अडतो. तो आपल्यातलाच कुणीतरी असणार.

मग करायचे काय?

अर्ज किमान आठ-दहा दिवस आधी द्या. त्यात तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, मार्ग, माणसांचा अंदाज, वाहने, ध्वनिक्षेपक आणि निवेदन देणाऱ्या शिष्टमंडळाची नावे लिहा. जबाबदार संयोजकांच्या सह्या आणि फोन नंबर द्या. आकडा खरा सांगा. दोनशे सांगून दोन हजार आणू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. "साहेब हो म्हणाले" याला पुढे कोणी विचारत नाही.

नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. "ही जागा नको तर कुठली, ही वेळ नको तर कुठली?" असे लगेच लेखी विचारा. तरीही अडले तर वकिलाचा सल्ला घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचखाली आहे, त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. पण आदल्या रात्री मिळालेल्या नकारावर न्यायालय तरी काय करणार? म्हणूनच अर्ज आधी हवा. परवानगी मिळाली तर तिच्या अटी मोर्चाच्या सकाळी सर्वांना वाचून दाखवा. मार्गावर आपलेच स्वयंसेवक ठेवा.

ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना एक विनंती. आपण सरकारी माणसं मोर्चात उतरू शकत नाही, मीही नाही. पण अर्ज कुठे द्यायचा, जागा कुणाच्या ताब्यात आहे, आदेश लागू आहे का, एवढे सांगणे हे आपले कामच आहे. ते वेळेवर सांगितले तर गावावरचा गुन्हा टळतो.

फवारणीचे वेळापत्रक आपण महिनाभर आधी आखतो. मोर्चाचेही तसेच आखा. मागणी खरी असेल तर तिला शिक्का मारलेल्या कागदाचीही साथ द्या.