नाव विनाशिकेचे, काम राखणदाराचे

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका ‘वाघशीर’ पाणबुडीसह एकाच समारंभात सेवेत दाखल झाल्या. ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट. पहिलीचे जलविस्थापन सुमारे ७,४०० टन, दुसरीचे ६,६७० टन. एवढ्या फरकावर एकीलाच विनाशाचे नाव का मिळावे, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

या नावाचे मूळ भीतीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो वाहणाऱ्या चिमुकल्या, स्वस्त बोटींनी बलाढ्य आरमारांची झोप उडवली होती. त्यांना गाठून बुडवण्यासाठी ब्रिटनने १८९३ मध्ये ‘हॅवॉक’चे जलावतरण केले. वजन तीनशे टनांहूनही कमी आणि प्रकाराचे नाव ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. (अशी नौका स्पेनने आधीच बांधली होती, नाव रूढ झाले ते ब्रिटिशांचे.) विनाश अभिप्रेत होता तो टॉर्पेडो बोटींचा, खरे काम मोठ्या जहाजांच्या राखणीचे. पुढे नावाचा पूर्वार्ध गळून पडला आणि उरलेल्या अर्ध्याची आपण ‘विनाशिका’ केली.

तेव्हापासून हे नाव राजकीय सोयीने वाकत आले आहे. राज्यघटनेने युद्धाचा त्याग केलेल्या जपानमध्ये विनाशिकांना ‘रक्षक नौका’ म्हणतात. त्याच नावाखाली बांधलेल्या २४८ मीटर लांबीच्या ‘इझुमो’वर २०२१ मध्ये अमेरिकी लढाऊ विमान उतरले. अमेरिकेने तर १९७५ मध्ये आपल्या अनेक फ्रिगेटना कागदावरच क्रूझर करून टाकले. सोव्हिएत संघाच्या तुलनेत क्रूझरची संख्या तोकडी दिसत होती, हे त्यामागचे एक कारण.

आपल्याकडे मात्र भारत-चीन नौदलांची तुलना अजूनही याच नावांवर चालते. चीनची ‘०५५’ प्रकारची विनाशिका दहा हजार टनांहून मोठी असून तिच्यात क्षेपणास्त्रांचे ११२ उभे कक्ष आहेत. अमेरिका तिला क्रूझर म्हणते. ‘सुरत’वर बराकचे ३२ आणि ब्रह्मोसचे १६, असे मिळून ४८. संरक्षण मंत्रालयाने नौदलाचा लेखाजोखा संसदेपुढे मांडताना टनभार, क्षेपणास्त्र-कक्ष आणि वर्षातून प्रत्यक्ष समुद्रावर घालवलेले दिवस सांगितले पाहिजेत. सध्याच्या तक्त्यांत ‘सुरत’ आणि ती चिनी नौका, दोन्ही ‘एक विनाशिका’ म्हणूनच मोजल्या जातात.