एकसष्टचे गणित आणि स्वाभिमानाची कसोटी

१,७६,६३,१९,०४९ या दहा अंकी संख्येत भारतीय बुद्धिवैभवाचा एक सुवर्ण अध्याय सामावला आहे. पण तो किती भारतीयांना ठाऊक आहे?

प्रश्न दिसायला सोपा आहे. एका संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या ठरावीक पटीहून नेमका एकाने अधिक असावा आणि दोन्ही संख्या पूर्णांक असाव्यात. ६० पटीसाठी ३१ आणि ४ ही जोडी पुरते; ६२ साठी ६३ आणि ८. मधल्या ६१ साठी मात्र लहानात लहान जोडी निघते ती १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० ! अंदाजाने आकडे घालून पाहणाऱ्याचे आयुष्य सरेल, पण हे उत्तर हाती लागणार नाही.

फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने १६५७ मध्ये हेच ६१ चे कोडे घातले. त्यापूर्वी पाचशे वर्षे, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी बीजगणितात नेमके हेच उदाहरण सोडवून ठेवले होते. त्यांची रीत 'चक्रवाल' नावाची. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक, येथून आरंभ करायचा. पुढच्याच फेरीत ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. अंतर अवघे ४. तेथून ब्रह्मगुप्ताच्या 'भावना' नियमाने थेट उत्तर गाठता येते. ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ इ. स. ६२८ चा. चक्रवाल रीतीत जयदेव नामक पूर्वसूरीचाही वाटा आहे. अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची ज्ञानसाधना !

तरीही जगभर हे समीकरण 'पेलचे समीकरण' म्हणूनच शिकवले जाते. ऑयलरने चुकून इंग्रज गणितज्ञ पेलचे नाव दिले आणि ते रूढ झाले. नावाचा हा अन्याय दूर व्हायलाच हवा. मात्र, युरोपने ही रीत आपल्याकडून चोरली, असे म्हणायला पुरावा नाही. ब्राउंकरने आपल्या मार्गाने उत्तर काढले. उत्तर नेहमीच मिळते, याची सिद्धता लाग्रांजने दिली. त्यांचे श्रेय मान्य केल्याने भास्कराचार्य तसूभरही लहान होत नाहीत. उलट, निराधार दाव्यांनी खऱ्या पराक्रमावरच संशयाची सावली पडते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्या काळच्या सत्ताधीशांनी त्याला दान दिले. चांगदेवांनी आजोबांचा केवळ जयजयकार केला नाही, त्यांचे गणित शिकवण्याची व्यवस्था लावली. २०२० च्या शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमाचे दार उघडले आहे. त्या दारातून केवळ घोषणा आत गेल्या, तर ती आत्मवंचना ठरेल. विद्यार्थ्याच्या हाती कागद द्यावा, ६१ ही संख्या द्यावी आणि चक्रवाल फिरवू द्यावे. स्वतः सोडवलेल्या गणिताचा अभिमान कोणी हिरावून घेऊ शकत नाही.