लाइनमनचं डोकं

लाइनमन म्हटलं की आपल्याला खांबावर चढलेला वीजवाला आठवतो. तोसुद्धा लाईट गेल्यावरच! अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनमनचंही तसंच आहे. क्वार्टरबॅकपुढे पाच जणांची भिंत उभी असते. समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अंगावर घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. कौतुक बॉल फेकणाऱ्याचं. यांचं नाव निघतं ते बहुधा चूक झाली तरच.

जॉन अर्शेल हा असाच एक लाइनमन. पेन स्टेट विद्यापीठात त्याने गणितात मास्टर्स केलं आणि २०१४ मध्ये तो बाल्टिमोर रेव्हन्सकडून खेळू लागला. २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार बसला. नंतर काही काळ वरच्या पातळीचं गणित जमत नव्हतं, असं त्यानेच सांगितलंय. तरी तो परत मैदानात उतरला, कारण खेळ मनापासून आवडायचा. २०१६ मध्ये त्याने एमआयटीत पीएच.डी.ही सुरू केली.

मग २५ जुलै २०१७ ला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई हा आजार सापडला. हे मेंदू घरच्यांनी दान दिलेले, म्हणजे सॅम्पल रँडम नव्हतं. पण दोनच दिवसांनी, वयाच्या २६ व्या वर्षी, अर्शेलने खेळ सोडला. आज तो एमआयटीत गणित शिकवतो.

मेकॅनिकलवाल्यांनो, फटीग आठवा. एका फटक्यात न तुटणारा रॉड लहान लहान लोडने, हजारो वेळा वाकून तुटतो. लाइनमनचं डोकं जवळजवळ प्रत्येक डावात आपटतं.

कुणी म्हणेल, पळपुटा! मला तसं वाटत नाही. कुणी म्हणेल, त्याच्या हातात एमआयटी होतं म्हणून सोडता आलं. हे मात्र खरं आहे, आणि मला टोचतं ते इथेच. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर १९७४ ते १९९० खेळला, चार सुपर बोल जिंकला, आणि २००२ मध्ये पन्नाशीत हालात गेला. त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना सीटीई सापडला. २००५ मध्ये त्यांचा पेपर आला, तेव्हा लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. वेबस्टरपुढे खेळताना कुठलाच आकडा नव्हता. अर्शेलपुढे होता. दोघांतला मोठा फरक हाच, हिमतीचा नव्हे.

मित्रांनो, उद्या आपल्यातलं कुणी साइटवर असेल, कुणी शॉप फ्लोअरवर. लोड किती येतो हे मोजायला आपण चार वर्षं शिकतोय. पण तो लोड ज्याच्या डोक्यावर येतो, त्याला आकडा सांगायचा की फाइलमध्ये ठेवायचा, याचा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नाही. तो आपला आपणच सोडवायचाय.