पायाच्या खड्ड्यातील इतिहास आणि त्याचा खर्च

जुन्या गावठाणातील वाडा पाडून तेथे सदनिकांची इमारत उभारणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. घरांची टंचाई पाहता तीत गैर काही नाही. मात्र वाड्याचे जोते उथळ असे. आजच्या इमारतीस तळघरात वाहनतळ लागतो. त्यासाठी जेसीबी दोन दिवसांत जे थर उपसून नेतो, ते साचण्यास कित्येक शतके लागलेली असतात.

हे थर किती मोलाचे असू शकतात, याची साक्ष कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीने दिली आहे. समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती तेथेच मिळाली, आणि १९४५-४६ मध्ये सांकलिया व दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाने पंचगंगेकाठची सातवाहनकालीन वसाहत उजेडात आणली. नाशिक, पैठण, तेर, जुन्नर ही गावेही अशाच जुन्या वस्तीवर उभी आहेत.

आपल्या कायद्याची नजर मात्र घोषित स्मारकांवर आणि स्थळांवर खिळलेली आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर क्षेत्र प्रतिबंधित असून त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित आहे. त्या रेषेपलीकडे उरतो तो १८७८ चा निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असे तो सांगतो. खापरांच्या ढिगाची किंमत बाजारात दहा रुपयेही होत नाही, हे वेगळे सांगावयास नको!

इंग्लंडमध्ये १९८९ साली लंडनच्या एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर शेक्सपिअरकालीन ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा गदारोळ उडाला. नोव्हेंबर १९९० मध्ये तेथील शासनाने नियोजनासंबंधी नवे मार्गदर्शन जारी केले. जागेची पुरातत्त्वीय तपासणी बांधकाम-परवानगीपूर्वी व्हावी आणि तिचा भार बांधणाऱ्याने उचलावा, ही पद्धत त्यातून रूढ झाली. जेथे फारसे काही मिळण्याची अपेक्षा नसते, तेथे पाया खणताना एक पुरातत्त्वज्ञ केवळ देखरेखीस उभा राहतो आणि काही आढळल्यास नोंदीपुरते काम थांबवितो.

यामुळे घरे महागतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. नियम आधीपासून ठाऊक असेल, तर बांधकाम व्यावसायिक जमिनीला तेवढा कमी भाव देतो. म्हणजे भार मुख्यतः जमीनमालकावर पडतो. खरा घातक खर्च अनिश्चिततेचा असतो. कर्जावरील व्याज चालू असताना काम अवचित अडकेल या धास्तीनेच सापडलेली वस्तू रातोरात पुन्हा मातीखाली जाते.

अडचण आहे ती स्वतःच्याच जागेवर पुनर्विकास करणाऱ्या लहान गृहनिर्माण संस्थांची. त्यांना हा भार कोणावरही ढकलता येत नाही. अशा ठिकाणी देखरेखीचा खर्च पालिकेने विकास शुल्कातून करावा आणि ही सक्ती प्रथम निवडक गावठाणांपुरतीच ठेवावी. त्यासाठी जुन्या वस्तीच्या सीमा दाखविणारे नकाशे पालिकेच्या बांधकाम विभागात आधी असावयास हवेत.