विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या अंकावर कात्री कोणाची?

शिकागो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९४६ मध्ये ‘शिकागो रिव्ह्यू’ हे साहित्यविषयक नियतकालिक सुरू केले. संपादकही विद्यार्थीच. १९५८ च्या एका अंकात त्यांनी विल्यम बरोज यांच्या ‘नेकेड लंच’ या तेव्हा अप्रकाशित कादंबरीचा अंश छापला. शहरातील एका दैनिकाच्या स्तंभलेखकाने ‘गलिच्छ लेखन’ म्हणून झोड उठवली आणि विद्यापीठाने पुढचा हिवाळी अंकच रोखला.

संपादक आयर्विंग रोझेन्थल आणि त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. रोखलेला मजकूर घेऊन १९५९ मध्ये ‘बिग टेबल’ हे नवे नियतकालिक निघाले. टपाल खात्याने अश्लीलतेचा ठपका ठेवून त्याच्या प्रती अडवल्या. पण १९६० मध्ये न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी हा मजकूर अश्लील नसल्याचा निकाल दिला.

पैसा आणि नाव विद्यापीठाचे, मग नियंत्रण का नको, हा प्रश्न गैर नाही. हिशेब जरूर मागावा, कायद्याची मर्यादाही सांगावी. मात्र काय छापायचे, हे वरून ठरू लागले की विद्यार्थी संपादन शिकत नाही. साहेबांना काय रुचेल, याचा अंदाज बांधायला शिकतो. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयीन वार्षिकांकांत पहिली पाने पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांना आणि उरलेली निरुपद्रवी कवितांना जातात, ती यामुळेच. निवड चुकली तर टीका सोसण्याची जबाबदारीही विद्यार्थ्यांवरच सोपवावी. संपादक घडतो तो तिथेच.