टप उघडण्याआधी

‘प्लॅनिंग केलं की मजा जाते’ असं जो म्हणतो, त्याची बॅग बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते.

हे वाक्य सध्या फार खपतं. तीस सेकंदांची रील असते. दोन सीटची लाल गाडी, कापडी टप मागे दुमडलेला, वाळवंटातून सरळ गेलेला रस्ता, उडणारे केस, त्याहून लांब उडणारा स्कार्फ. खाली ओळ असते, विचार करू नका, निघा. त्या रीलमध्ये कुणाचं नाक सोललेलं नसतं, कुणाच्या कानात वारा घुमत नसतो. आणि ज्या दुसऱ्या गाडीतून हे सगळं शूट केलं जातं, ती कधीच दिसत नाही. तिला पक्कं छत असतं, एसी असतो आणि डिकीत सगळ्यांचं सामान असतं.

उघड्या गाडीतून लांब जाणं हा माणसाने शोधलेल्या उत्तम आनंदांपैकी एक आहे, याबद्दल माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते ‘उत्स्फूर्तते’शी. उघड्या गाडीचा सगळा इतिहास तयारीचा आणि हातात असलेल्या कसबाचा आहे. तो पुसून तिथे उडणारा स्कार्फ चिकटवला जातोय, आणि त्याची किंमत नेमके ते भरतात ज्यांना चूक परवडत नाही.

बर्था बेंझपासून सुरुवात करू, कारण तिची गोष्ट सगळ्यात जास्त बिघडवली गेली आहे. ऑगस्ट १८८८मध्ये तिने नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढली, दोन मुलांना घेतलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. मोटारीतून इतक्या लांब तोवर कुणी गेलं नव्हतं. गाडीला छत अर्थातच नव्हतं. आता ही गोष्ट सांगितली जाते ती अशी : बाईला लहर आली, निघाली, वाटेत इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, तारेचं आवरण गेलं तर मोज्याच्या पट्ट्याने काम भागवलं. वा, काय जुगाड!

पण टोपीची पिन त्या काळात प्रत्येक बाईकडे होती. नळी कुठे तुंबते, ते कसं ओळखायचं आणि पिन कुठे घालायची, हे किती जणींना ठाऊक होतं? बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम कार्लच्या धंद्यात घातली होती. ते यंत्र तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानात लिग्रॉइन मिळेल हे तिला कळलं, कारण डाग काढायचं ते द्रव औषधवाल्याकडे असतं आणि गाडीला तेच चालतं, या दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा तिने चांभाराकडून त्यांच्यावर चामडं बसवून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, आणि परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा असं तिने सांगितलं. याला लहर म्हणायचं असेल तर शस्त्रक्रियेलाही लहर म्हणा.

दुसरी ॲलिस रॅमसी. ९ जून १९०९ रोजी ती न्यूयॉर्कहून निघाली. वय २२, घरी दोन वर्षांचा मुलगा, सोबत दोन नणंदा आणि एक मैत्रीण. चौघींत गाडी चालवता येत होती ती एकटीलाच. मॅक्सवेल कंपनीची उघडी टूरिंग गाडी होती. ५९ दिवसांनी, ७ ऑगस्टला, ती सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी चालवत नेणारी ती पहिली बाई. वाटेत ११ टायर बदलले, प्लग साफ केले, चिखलात रुतल्यावर रात्र गाडीतच काढली. इंजिन तापलं आणि जवळ पाणी नव्हतं, तेव्हा टूथब्रश ठेवायच्या काचेच्या नळकांड्यांनी खड्ड्यातलं पाणी आणून रेडिएटर भरला. हे किस्से सगळे सांगतात. कंपनीने तिच्या पुढे एक माणूस पाठवला होता, तो पेट्रोलची, मुक्कामाची, वर्तमानपत्रांतल्या बातमीची व्यवस्था करत रेल्वेने पुढे जात होता, हे मात्र मागे पडतं. ते सांगितलं तर तिचं धाडस कमी होतं का? माझ्या मते वाढतं. एवढी व्यवस्था असूनही ११ टायर तिलाच बदलावे लागले.

आता स्कार्फकडे येऊ. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तकी इझाडोरा डंकन एका उघड्या गाडीत बसली. गळ्यात लांब रेशमी स्कार्फ होता. तो चाकात गुंतला आणि ती गेली. त्याला आता शंभर वर्षं होत आली, तरी उघड्या गाडीच्या जाहिरातीत स्कार्फ हवाच. मराठी वाचकाला खरं तर हे समजावायची गरज पडू नये. ‘ताई, ओढणी!’ असं सिग्नलला ओरडणारा अनोळखी माणूस आपल्या प्रत्येक गावात आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते, ती १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीची केली आहे, ती मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच. उघड्यावरून प्रवास कसा करायचा याचं ज्ञान आपल्याकडे ढीगभर आहे. मे महिन्यात दुचाकीवरून सोलापूरला जाणाऱ्या माणसाला विचारा. तो डोक्याला पंचा गुंडाळतो, टोकं आत खोचतो, पहाटे निघतो, अकराला झाडाखाली थांबतो. त्याला कुणी ‘अरसिक’ म्हणत नाही, कारण त्याच्याकडे पर्याय नाही. छत असूनही ते उघडण्याची चैन ज्याला परवडते, त्यालाच तयारी अरसिक वाटू शकते. (सनरूफमधून पोरांना अर्धं बाहेर काढून एक्स्प्रेसवेवर गाडी हाकणाऱ्या आईबापांबद्दल इथे काही लिहीत नाही. त्यांच्यासाठी पोलीस आहेत.)

नुसतं तत्त्व नको, एक रस्ता घेऊ. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी पोरापोरींच्या डोक्यात असतोच असा, रूट ६६. १९२६ साली आखलेला, शिकागोपासून सांता मोनिकापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर. १९८५मध्ये तो सरकारी यादीतून निघाला, आता तुकड्यातुकड्यांनी उरलाय. गाडी धरू माझ्दाची मिआटा. १९८९ साली आलेली, वजन एक टनाच्या आसपास, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची उघडी गाडी. ती कंपनी भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ती तिकडेच भेटते.

या रस्त्यावर ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ लागतं. उंची सुमारे २,१०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून साडेचारशे मीटर वर. मे महिन्यातही तिथे पहाटे पाणी गोठायची थंडी पडू शकते. तिथून निघून त्याच दिवशी दुपारी तुम्ही कोलोरॅडो नदीकाठच्या नीडल्सला पोचता, आणि तिथे पारा चाळिशीच्या वर असू शकतो. एकाच दिवसात कानटोपी आणि उन्हाची टोपी, दोन्ही लागतात. ‘विचार न करता निघालेला’ या दोन्हींपैकी एक तर विसरलेलाच असतो.

वाऱ्यामुळे ऊन कळत नाही, ही यातली खरी फसवणूक. घाम येतो तसाच उडून जातो, अंग कोरडं राहतं, आणि आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत. तहान लागेपर्यंत शरीर बरंच मागे पडलेलं असतं. म्हणून पाणी हाताला येईल असं ठेवायचं आणि घड्याळ बघून प्यायचं. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि फक्त नाकाला नाही. कानांच्या पाळ्या, हातांची मागची बाजू, मान. भांगाचं कुणाच्याही लक्षात येत नाही, आणि रात्री केस विंचरताना तोच सगळ्यात जास्त झोंबतो.

मग आवाज. महामार्गाच्या वेगात उघड्या गाडीत वाऱ्याचा आणि टायरचा आवाज ८५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था ८५ डेसिबलसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते आणि पुढच्या दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करते. म्हणजे ९१ला दोनच तास. कानात बोळे घालावेत हा सोपा उपाय. पण रूट ६६चा शेवटचा टप्पा कॅलिफोर्नियात आहे, आणि तिथे काही खास अपवाद सोडले तर दोन्ही कान बंद करून गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे. मग काचा वर करायच्या, सीटमागे वारा अडवणारी जाळी लावायची, मोठा महामार्ग टाळायचा किंवा सरळ टप लावायचा. हे रस्त्यावर पोलिसाने थांबवल्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

डिकी १३० लिटरच्या आसपास. चाकाच्या टणक बॅगा विसरा, मऊ पिशव्याच मावतात. भाड्याने दुसरी उघडी गाडी घेतलीत तर टप उघडा करून सामान बसतं का ते ताब्यात घेतानाच बघा, कारण बऱ्याच गाड्यांत दुमडलेलं छत डिकीतच येऊन बसतं. हल्लीच्या मिआटामध्ये स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायचं द्रव आणि हवा भरायचा छोटा पंप मिळतो. टायरला बाजूने चीर गेली तर ते द्रव कुचकामी. म्हणून निघण्याआधी टायरच्या कडेचे चार आकडे वाचायचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुनं रबर उन्हात दगा देतं.

या सगळ्याला कितीसा वेळ लागतो? एक शनिवार. यात विकत घ्यायचं काय? पाण्याचे कॅन आणि सनस्क्रीन. इथे मला तयारीच्या दुकानदारांनाही एक टोला द्यायचा आहे. चामड्याचे हातमोजे, जुन्या विमानवाल्यांचे गॉगल, गाडीच्या रंगाची जॅकेटं, ‘रोडट्रिप किट’ नावाचे डबे. ही तयारी नव्हे, ही खरेदी. रॅमसीच्या कामाला टूथब्रशचं नळकांडं आलं.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्या घरांत मुलीच्या प्रवासाची तयारी म्हणजे सुनावणी असते. सोबत कोण आहे? रात्री कुठे राहणार? गाडी बंद पडली तर? तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आणलं तर शेवटचा प्रश्न येतो, एवढा सगळा धोका आहे तर जायचंच कशाला? तिची तयारीच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. आणि मग ती मित्रांत येते, तर तिथे ‘किती विचार करतेस यार, चिल’ असं ऐकते. तोच मित्र वाळवंटात फोनला रेंज गेल्यावर तिनेच ऑफलाइन उतरवून ठेवलेला नकाशा मागतो. पंचविशीच्या आतल्यांना गाडी भाड्याने घेताना बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात आणि करारात कच्चा रस्ता वर्ज्य असतो, हे कलमही तिनेच वाचलेलं असतं. त्याचा उत्स्फूर्तपणा तिच्या शनिवारावर चालतो. तिचं नाव कॅप्शनमध्ये येत नाही.

यावर वैतागून काही मुली म्हणतात, मग आम्हीही तयारी करणार नाही, आम्हीही नुसतं निघणार. वैताग मला पूर्ण कळतो, उपाय पटत नाही. सुनावणी घेणाऱ्यांना उत्तरं देणं बंद करा, हवं तर. टायरची तारीख वाचणं बंद करू नका. रॅमसीला तरी कुठे कुणी शांतपणे जाऊ दिलं होतं? बायकांच्या हातात स्टिअरिंग म्हणजे अनर्थ असं म्हणणारे तेव्हाही होते. तिने वाद घालत वेळ घालवला नाही, इंजिन शिकून घेतलं.

राहता राहिला टप. उघड्या गाडीवाल्यांत एक खुळी ऐट असते : टप लावला की हरलो. दुपारी एकला मोजावेच्या वाळवंटात लाल झालेल्या चेहऱ्यांनी, एसी सुरू ठेवून, टप उघडा टाकून जाणारी माणसं याच जातीची. टप लावा. तो त्यासाठीच दिलाय. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्या कडेच्या पन्हळी आणि पाणी जायची भोकं बघा. तिथे पानं, धूळ, चिंध्या साठतात, भोकं बुजतात आणि पहिल्याच पावसात पाणी सीटमागे उतरतं. मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी घालून हळू साफ करायचं, तारेने नको. रात्री मुक्कामाला मौल्यवान काही गाडीत ठेवायचं नाही. जुने मालक तर दारं उघडीच ठेवतात, कारण कापडी टप चोराने फाडला तर तो बदलायचा खर्च आत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त येतो. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी भरायचं, टप दुमडायचा आणि ऊन तापायच्या आत दोनशे किलोमीटर काढायचे. त्या वेळी रस्त्यावर रील काढायला कुणी नसतं.