‘मला सांगायचंस ना!’

एखादी वाईट बातमी येते आणि तासाभरात आपले सगळ्यांचे स्टेटस बदलतात. ‘बोला यार, मी आहे.’ ‘कधीही मेसेज करा.’ मीही टाकलेत असे स्टेटस. चोवीस तासांनी स्टेटस आपोआप जातं. आपलं ‘मी आहे’ही त्याच्याबरोबरच जातं का?

सेकंड इयरला माझी रूममेट हळूहळू गप्प होत गेली. लेक्चर्स बुडायची, रात्रभर जागी असायची. मला वाटलं, सबमिशनचं टेन्शन असेल, होईल नीट. तिला विचारलं कुणी, तर मेसच्या काकूंनी. ‘चार दिवस ताट तसंच परत येतंय. काय झालंय गं?’ एवढंच. ती तिथेच रडायला लागली. काकू भांडी तशीच टाकून तिच्याशेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आज ती छान आहे, नोकरी करते. पण आमच्या दोघींच्या कॉटमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

‘मला सांगायचंस ना!’ असं आपण नंतर म्हणतो. म्हणजे ज्याच्या अंगात बोलायचंही बळ उरलेलं नाही, सुरुवात त्यानेच करायची. असं कसं चालेल? एनसीआरबीच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. एवढ्यांपैकी किती जणांना कुणी वेळेत विचारलं असेल?

विचारायला मानसशास्त्राची डिग्री लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं गेलं. कोण खचलंय ते ओळखायचं, ऐकून घ्यायचं आणि गरज पडली तर उपचारापर्यंत पोचवायचं. हे गावात जमतं, मग हॉस्टेलमध्ये का नाही?

‘थेट विचारलं तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल’ ही भीती मनातून काढा. तसं होत नाही, उलट समोरच्याला मोकळं वाटू शकतं. ‘जगणं नकोसं वाटतंय का?’ असं साध्या शब्दांत विचारा. मग गप्प बसून ऐका. ‘पॉझिटिव्ह राहा’चं लेक्चर नको. जिवाचा प्रश्न असेल तर ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सेव्ह करून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२.

आणि कॉलेजलाही विचारा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवाच, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तुमच्याकडे आहे? केबिन कुठेय? ऑफिससमोरच्या रांगेतून सगळ्यांच्या नजरा झेलत जावं लागत असेल, तर आत कोण जाणार? पुढच्या मीटिंगमध्ये सीआरला हा विषय काढायला लावा.

स्टेटस नंतरही टाकता येईल. आज जेवायला बसाल तेव्हा आजूबाजूला बघा, कुणाचं ताट तसंच राहिलंय का.